पंकवाले जगायचे कशावर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंक रॉकचा, म्हणजे सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क-लंडनला निघालेल्या रांगड्या, वेगवान रॉक संगीताचा विषय निघाला की मला तेच ते प्रश्न विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. केसांचे तुरे, सेफ्टी पिना आणि शिव्या यांवर इथे थोडकंच सापडेल. पैसे कुठून आले, कुठे गेले आणि सामान कुणी उचललं, यावर जास्त. मला या मंडळींचं कौतुक वाटतं ते मुख्यतः तिथेच.

फॅशन स्ट्रीटवर मिळतो तो गरुडाचा काळा टी-शर्ट कुणाचा?

रामोन्सचा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फॉरेस्ट हिल्स नावाची वस्ती आहे, तिथल्या चार पोरांनी १९७४ मध्ये काढलेला बँड. टी-शर्टवरचं चित्र जरा नीट बघा. ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुद्रा आहे, फक्त गरुडाच्या पंजात बाणांच्या जागी बेसबॉलची बॅट आहे आणि ऑलिव्हच्या फांदीच्या जागी सफरचंदाची डहाळी. बॅट आली कारण गिटार वाजवणारा जॉनी बेसबॉलवेडा. हे चित्र केलं आर्तुरो व्हेगा या मेक्सिकोतून आलेल्या चित्रकारानं. तोच बँडचे दिवे सांभाळायचा, आणि गायक जोई आणि बेसवाला डी डी हे दोघं काही काळ त्याच्याच घरी पथारी टाकून होते.

एकदा विरार गाडीत हा टी-शर्ट घातलेल्या एका मुलाला मी विचारलं, यांचं कुठलं गाणं आवडतं? तो म्हणाला, "गाणं? काका, हा ब्रँड आहे ना?" मला चिडायचा हक्क नव्हता. मीही टी-शर्ट आधी घेतला होता आणि गाणी नंतर ऐकली होती. शिवाय त्याचं फार चुकलंही नव्हतं. रेकॉर्डी बेताच्याच खपायच्या. घर चालायचं ते दौऱ्यांतल्या कार्यक्रमांवर आणि या कापडावर.

ते चौघं सख्खे भाऊ होते का?

नाही. नातंगोतं काही नव्हतं. पॉल मॅकार्टनी हॉटेलात उतरताना 'पॉल रामोन' असं खोटं नाव सांगायचा, तिथून आडनाव उचललं आणि चौघांनी वाटून घेतलं. ड्रमवाला टॉमी मूळचा बुडापेस्टचा, थॉमस एर्देली. पुढे जो कुणी बँडमध्ये आला त्यालाही हेच आडनाव मिळालं.

'पंक' हा शब्द कुठून आला?

अमेरिकी बोलीत तो टुकार, वाया गेलेल्या पोरासाठीचा शब्द. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही संगीत समीक्षक तो वापरू लागले. जानेवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन होमस्ट्रॉम, लेग्ज मॅकनील आणि मंडळींनी त्याच नावाचं मासिक काढलं, आणि मग शिवी पाटीवर गेली.

सुरुवात न्यूयॉर्कची की लंडनची?

यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. संगीताची ठिणगी न्यूयॉर्कची आणि भडका लंडनचा, असं मी मानतो. फाटके टी-शर्ट न्यूयॉर्कला रिचर्ड हेल हा गायक आधीपासून घालत होता. माल्कम मॅक्लॅरन हा लंडनचा कपडे दुकानदार १९७५ मध्ये न्यूयॉर्क डॉल्स या बँडचं बघायला तिकडे गेला होता, त्यानं ते पाहिलं आणि घरी नेलं. किंग्ज रोडवर ४३० नंबरला त्याचं आणि व्हिव्हियन वेस्टवूडचं दुकान होतं, आणि त्याच दुकानाभोवती सेक्स पिस्टल्स हा बँड जमला. त्याचा व्यवस्थापक मॅक्लॅरनच.

एक तारीख मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, ४ जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या दिवशी २०० वर्षं झाली, आणि रामोन्स लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवत होते. त्याच संध्याकाळी शेफील्डला सेक्स पिस्टल्सच्या आधी एक नवा बँड आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला. तो द क्लॅश.

सीबीजीबी म्हणजे नेमकं काय होतं?

न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावर ३१५ नंबरचा एक अरुंद, लांबोडका बार. हिली क्रिस्टल या गृहस्थानं तो डिसेंबर १९७३ मध्ये या नावानं उघडला. नावाचा अर्थ कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज, म्हणजे तिथे पुढे जे वाजलं त्याच्याशी काडीचा संबंध नाही. बावरी तेव्हा बेवड्यांचा आणि बेघरांचा रस्ता होता. १९७५ मध्ये तर न्यूयॉर्क शहराचंच दिवाळं निघायची वेळ आली होती. पण पडक्या भागात भाडं कमी असतं, आणि भाडं कमी असलं की अर्धवेळ नोकरीवर भागवून उरलेला वेळ तालमीला देता येतो. मला विचाराल तर न्यूयॉर्कच्या पंकचं निम्मं श्रेय घरभाड्याला आहे.

हिलीची अट एकच होती: स्वतःची गाणी वाजवा. दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवून गिऱ्हाईक खेचायचं नाही. टेलिव्हिजन नावाचा बँड, पॅटी स्मिथ, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स आणि रामोन्स सगळे याच फळकुटांवर उभे राहिले. रामोन्स तिथे पहिल्यांदा वाजवले १६ ऑगस्ट १९७४ ला. तिथलं स्वच्छतागृह इतकं कुप्रसिद्ध की २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं पंक फॅशनच्या प्रदर्शनात त्याची हुबेहूब प्रतिकृती उभारली. ऑक्टोबर २००६ मध्ये भाड्याच्याच वादातून बार बंद झाला. त्या जागी नंतर महागड्या पुरुषी कपड्यांचं दुकान आलं.

त्यांना खरंच वाजवता येत नव्हतं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी गिटार हातात देतो आणि जॉनी रामोनसारखं दोन मिनिटं वाजवून दाखव म्हणतो. गिटारच्या तारा साधारणपणे वर-खाली, वर-खाली अशा छेडतात. त्यात निम्मं काम हात परत येताना आपोआप होतं. जॉनी फक्त खालच्या दिशेनं मारायचा. प्रत्येक आघातानंतर हात रिकामा वर न्यायचा आणि पुन्हा हाणायचा, सेकंदाला सहा-सात वेळा, तेही अख्खा कार्यक्रमभर. त्यानं तो करवतीसारखा सलग आवाज येतो. मी करून पाहिलंय. दीड मिनिटात मनगटापासून कोपरापर्यंत पेटतं आणि लय ढेपाळते. जॉनी त्याआधी बांधकामावर काम करायचा. त्यानं गिटार घेतली तीही जुनी, मॉझराइट बनावटीची, पन्नासेक डॉलरला.

बाकी सगळे अडाणी होते असंही नाही. टेलिव्हिजनचे दोन गिटारवादक तासभर गुंफण घालत बसायचे. वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स तर आधी जॅझ फ्यूजन वाजवणारे, म्हणून तर त्यांना तो वेग झेपला. सुरुवातीला हात कच्चे असलेले पुष्कळ होते, हे खरं. १९७७ च्या जानेवारीत 'साइडबर्न्स' नावाच्या इंग्रजी फॅनझीननं तीन कॉर्डची (एकत्र छेडायच्या सुरांच्या जुळण्यांची) चित्रं छापली आणि खाली लिहिलं की आता बँड काढा. (फॅनझीन म्हणजे चाहत्यांनी झेरॉक्स मारून, स्टेपल करून वाटलेलं मासिक. आपल्याकडे साठच्या दशकात सायक्लोस्टाइल केलेली लघुनियतकालिकं निघायची, त्या जातीचं.) शिकून झाल्यावर मंचावर जायचं की मंचावर जाऊन शिकायचं, एवढाच काय तो फरक.

सेक्स पिस्टल्स एवढे गाजले, मग टिकले का नाहीत?

गाजले म्हणूनच. १ डिसेंबर १९७६ ला टेम्स टेलिव्हिजनवर बिल ग्रंडीच्या कार्यक्रमात त्यांनी शिव्या दिल्या. कार्यक्रम दिसत होता फक्त लंडन भागात, पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी तो देशभर पोचवला. मूळ पाहुणे वेगळेच होते, क्वीन हा बँड. त्यांनी ऐनवेळी नकार दिला आणि त्याच रेकॉर्ड कंपनीचे पिस्टल्स जागा भरायला पाठवले गेले. म्हणजे पाचगणीला शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा बँड त्या दिवशी स्टुडिओत गेला असता, तर इतिहास निदान थोडा उशिरानं घडला असता.

मग धडाधड सुरू झालं. दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम नगरपालिकांनी आणि हॉलवाल्यांनी रद्द केले. ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं करार मोडला. ए अँड एमनं मार्च १९७७ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यासमोर टेबल टाकून सह्या घेतल्या आणि आठवडाभरात काढून टाकलं. शेवटी व्हर्जिन. राणीच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली त्या वेळी काढलेलं त्यांचं गाणं बीबीसीनं वाजवायला नकार दिला, तरी ते खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. एकच पूर्ण रेकॉर्ड, ऑक्टोबर १९७७ मध्ये. १४ जानेवारी १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा कार्यक्रम झाला आणि खेळ खलास. त्यांचा बेसवाला सिड व्हिशस फेब्रुवारी १९७९ मध्ये हेरॉइननं गेला, २१ वर्षांचा होता. त्याच्या गळ्यातलं कुलूप पोस्टरवर छान दिसतं. मला ते पोस्टर कधी लावावंसं वाटलं नाही.

आणि पैसे? ते मॅक्लॅरनच्या कंपनीत अडकले. गायक जॉन लायडननं दावा लावला. बँडच्या मिळकतीवरचा ताबा सदस्यांना आणि सिडच्या वारसांना मिळायला १९८६ उजाडलं.

रेकॉर्ड कंपनी नसेल तर रेकॉर्ड काढायचे कशी?

माझ्या मते हाच पंकचा गाभा, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मँचेस्टरचे पीट शेली आणि हॉवर्ड डेव्होटो हे दोघं पिस्टल्सना ऐकून इतके पेटले की त्यांनी ४ जून १९७६ ला त्यांचा कार्यक्रम आपल्या गावात ठरवला. माणसं आली जेमतेम चाळीसेक, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे बँड काढले. या दोघांचा बझकॉक्स तर होताच. डिसेंबरात त्यांनी शेलीच्या वडिलांकडून आणि मित्रांकडून मिळून ५०० पौंड उसने घेतले, स्टुडिओत तीन तासांत चार गाणी वाजवली, दोन तासांत आवाजांचं मिश्रण उरकलं आणि २९ जानेवारी १९७७ ला स्वतःच काढलेल्या कंपनीच्या नावाखाली हजार प्रती काढल्या. मुखपृष्ठाला व्यवस्थापकानं पोलरॉइड कॅमेऱ्यानं काढलेला फोटो. कव्हरवर त्यांनी प्रत्येक गाण्याचा कितवा प्रयत्न ठेवला आहे तेही छापलं: हे तिसऱ्या वेळचं, हे पहिल्याच वेळचं. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवण्यासारखं ते होतं. हजार प्रती हातोहात गेल्या आणि पुढे आकडा १६,००० वर पोचला. ५०० पौंड फिटले.

तिकडे वॉशिंग्टनला १९८० मध्ये शाळकरी पोरांचा टीन आयडल्स नावाचा बँड मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर शिल्लक होते. वाटून घ्यायचे की रेकॉर्ड काढायची? त्यांनी आठ गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली आणि त्यासाठी डिस्कॉर्ड ही कंपनी. कव्हर कसं करतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग घरातल्या एका इंग्लिश रेकॉर्डचं कव्हर जोड उकलून सपाट केलं, कागदावर पसरून पेन्सिलीनं बाह्यरेषा काढली, कुठे घडी आणि कुठे डिंकाची पट्टी ते पाहिलं आणि तसं छापून आणलं. मग कात्री, घडी, डिंक. मित्र यायचे, गप्पा मारायचे आणि कव्हरं चिकटवायचे, अशी हजारो. लग्नघरात पत्रिकांच्या पाकिटांना जशी अख्खी आळी बसते, तसाच हा प्रकार. डिस्कॉर्ड अजून चालू आहे.

पैसे किती मिळायचे?

बहुतेकांना पोटापुरतेही नाही. रामोन्सची पहिली रेकॉर्ड झाली ६,४०० डॉलरमध्ये, आठवडाभरात, आणि ती काढणारी कंपनी निदान होती तरी. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅग या बँडनं अमेरिकाभर व्हॅन हाकली. सामानाच्या ढिगाऱ्यावर झोपायचं, कुणाच्या तरी घरी जमिनीवर पडायचं, सकाळी पुढचं गाव. त्यांच्या ग्रेग गिननं एसएसटी ही रेकॉर्ड कंपनी काढली, ती मुळात हौशी रेडिओची यंत्रं विकायचा त्याच धंद्याच्या नावावर. हेन्री रॉलिन्सला १९८१ मध्ये त्यांनी गायक म्हणून बोलावलं, तेव्हा तो वॉशिंग्टनला आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करत होता. पक्की नोकरी सोडून तो या व्हॅनमध्ये चढला. आईबापांना काय वाटलं असेल ते आपल्याला सांगायला नको.

नोकऱ्या सगळ्यांनीच केल्या. ब्लाँडीची डेबी हॅरी आधी वेट्रेस होती, पॅटी स्मिथ पुस्तकांच्या दुकानात. काही जण तर दोन्ही डगरींवर पाय ठेवून राहिले. डिसेंडंट्सचा गायक मायलो ऑकरमन जीवशास्त्रात डॉक्टरेट करून वर्षानुवर्षं संशोधक म्हणून कामाला जात होता. बॅड रिलिजनच्या ग्रेग ग्रॅफिननं कॉर्नेल विद्यापीठातून प्राणिशास्त्रात डॉक्टरेट घेतली.

हिशेब सगळ्यांत चोख कुणी ठेवला असेल तर तो फुगाझीनं. डिस्कॉर्डवाल्या इयन मकायचा हा नंतरचा बँड, १९८७ पासूनचा. तिकीट पाच डॉलर ठरवलं आणि शक्य तोवर त्याच्या वर जाऊ दिलं नाही. कुठल्याही वयाच्या माणसाला आत यायला मोकळीक. टी-शर्ट विकायचे नाहीत. महागड्या हॉटेलांऐवजी ओळखीच्यांकडे मुक्काम, त्यामुळे पाच डॉलरमध्येही दौरा फायद्यात. गर्दीत कुणी दांडगाई करून इतरांना लागेल असं नाचू लागला, तर गाणं थांबवून त्याला पाच डॉलरची नोट घातलेलं पाकीट द्यायचे आणि बाहेर काढायचे. पाकिटं आधीच भरून ठेवलेली असत. पैसे परत केले की भांडायला मुद्दाच उरत नाही, हे एखाद्या मुरलेल्या वाण्यालाही पटेल.

सगळे व्यसनी होते ना?

पुष्कळ होते, आणि पुष्कळ त्यात गेले. डी डी रामोन २००२ मध्ये हेरॉइननंच गेला. पण उलटी परंपराही याच घरातली. मकायच्या मायनर थ्रेट या बँडनं १९८१ मध्ये ४६ सेकंदांचं एक गाणं काढलं, त्यातून 'स्ट्रेट एज' हा शब्द निघाला: दारू नाही, ड्रग्ज नाहीत. हातावर काळी फुली मारायची रीतही त्याच मंडळींनी पसरवली. टीन आयडल्स कॅलिफोर्नियाला गेले असताना एका क्लबनं त्यांच्या हातावर फुल्या मारल्या होत्या, म्हणजे बारवाल्याला कळावं की पोरं अल्पवयीन आहेत. परत येऊन त्यांनी आपल्या गावच्या क्लबांना हीच युक्ती सांगितली: फुली मारा, दारू देऊ नका, पण आत येऊ द्या. आपल्या गाण्याचा पुढे पंथ झाला, हे मकायला कधीच फारसं आवडलं नाही.

बायका होत्या का?

होत्या, आणि रॉकमध्ये तोवर नव्हत्या इतक्या. द स्लिट्सची गायिका आरी अप बँडमध्ये आली तेव्हा १४ वर्षांची होती. माझी आवडती पॉली स्टायरीन, एक्स-रे स्पेक्सची. वडील सोमाली, आई ब्रिटिश, दातांना तारा लावलेल्या आणि गाणी प्लास्टिकच्या, जाहिरातींच्या जगावरची. १९७८ ची तिची रेकॉर्ड आज ऐकली तर मॉलमध्ये बसून लिहिल्यासारखी वाटते. पुढे ती हरे कृष्ण पंथात गेली आणि काही वर्षं लंडनजवळच्या भक्तिवेदांत मॅनरमध्ये मुलीसह राहिली. २०११ मध्ये कर्करोगानं वारली.

हे गोऱ्या पोरांचंच प्रकरण नव्हतं का?

बरंचसं होतं, पण नुसतं तेवढंच नाही. लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये पंकच्या रेकॉर्डी वाजवायच्या तर त्या निघाल्याच नव्हत्या, म्हणून तिथला डीजे डॉन लेट्स रेगे हे जमैकाचं संगीत लावायचा. तो जमैकन आईवडिलांचा मुलगा. क्लॅशच्या गाण्यांत रेगे शिरला त्याला ही हवा कारण. ३० एप्रिल १९७८ ला व्हिक्टोरिया पार्कात वंशद्वेषाविरुद्ध मोठा कार्यक्रम झाला, त्यात क्लॅश, एक्स-रे स्पेक्स आणि रेगेवाले स्टील पल्स एकाच मंचावर होते. नाझी स्वस्तिक मिरवणारे बावळटही याच गर्दीत होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

भारताशी काही संबंध?

आहे, पण ओढूनताणून वाढवू नये. क्लॅशच्या जो स्ट्रमरचे वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात होते आणि जन्मले लखनौला. स्वतः स्ट्रमरचा जन्म तुर्कस्तानातल्या अंकाराचा. मार्गारेट थॅचर १९७८ मध्ये टीव्हीवर म्हणाल्या होत्या की परक्या संस्कृतीचे लोक देशात लोटतील अशी इथल्यांना भीती वाटते. त्यावरून नाव घेऊन लंडनमध्ये १९७९ च्या सुमारास एलियन कल्चर नावाचा बँड उभा राहिला, त्यातले तिघं पाकिस्तानी कुटुंबांतले. आणि पुढे आपल्या मुंबईत द रायट पेडलर्स हा पंक बँड निघाला.

ग्रीन डे हा बँड पंक आहे का?

बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या क्लबमध्ये ते वाढले. १९९४ च्या त्यांच्या रेकॉर्डच्या वेळी ते मोठ्या कंपनीकडे गेले आणि क्लबच्या नियमाप्रमाणे त्यांना तिथे वाजवायला बंदी झाली. उत्तर ज्याचं त्यानं ठरवावं. मला गाणी आवडतात.

रामोन्स शेवटपर्यंत एकत्र राहिले म्हणजे त्यांची मैत्री घट्ट असणार?

छे. जोईची प्रेयसी लिंडा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला सोडून जॉनीकडे गेली आणि पुढे त्याची बायको झाली. त्यानंतर जोई आणि जॉनी एकमेकांशी जवळजवळ बोललेच नाहीत. राजकारणातही एक डावीकडचा, दुसरा कट्टर रिपब्लिकन. तरी ते एकाच व्हॅनमधून जात राहिले. बसायच्या जागा ठरलेल्या, दौऱ्याची शिस्त जॉनीची. ६ ऑगस्ट १९९६ ला लॉस एंजेलिसला त्यांनी थांबायचं ठरवलं, तेव्हा कार्यक्रमांचा आकडा २,२६३ झाला होता. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे ऐकून फारसं नवल वाटत नाही. बोलणं बंद असतं, पण सकाळी दुकान वेळेवर उघडतं.

जोई २००१ मध्ये गेला, डी डी पुढच्या वर्षी, जॉनी २००४ मध्ये. त्या पहिल्या रेकॉर्डला अमेरिकेत 'गोल्ड' म्हणजे पाच लाखांची मान्यता मिळाली ती एप्रिल २०१४ मध्ये, निघाल्यापासून ३८ वर्षांनी. मूळ चौघांपैकी टॉमी तेवढा हयात होता. जुलैत तोही गेला.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

त्याच रेकॉर्डपासून. १४ गाणी, २९ मिनिटं. दादरला गाडी सुटताना लावलीत तर ठाण्याच्या आसपास संपते. पहिल्या तीन गाण्यांत सगळं सारखंच वाटेल, गाडीतून उतरू नका. चौथ्या-पाचव्याला फरक कळायला लागतो. नंतर बझकॉक्सची ती चार गाणी, मग एक्स-रे स्पेक्स, मग क्लॅशची १९७९ ची दोन तबकड्यांची रेकॉर्ड, जी त्यांनी कंपनीशी भांडून एकीच्या किमतीत विकायला लावली. फुगाझी शेवटी, आणि हेडफोन लावून.

टी-शर्ट कधीही घ्या. फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करायला विसरू नका.